उदजन, जलजनक आणि पुठ्ठ्यावरचा बाण

आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी नववीत शिकते, कन्नड माध्यमात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला तक्ता करायचा होता. माझ्याकडे रंगांची मोठी पेटी आहे हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून रविवारी सकाळी पुठ्ठा बगलेत मारून ती वर आली. विषय बाईंनी दिलेला होता: हिरव्या सूक्ष्म शैवालातून हायड्रोजन. तिने मधोमध अंड्याच्या आकाराची एक पेशी काढली, पेशीला पुढे दोन शेपट्या काढल्या, कोपऱ्यात सूर्य काढला, खाली पाण्याच्या लाटा काढल्या. पेशीतून बाहेर एक बाण काढून त्याच्या टोकाशी कन्नडमध्ये लिहिलं, 'जलजनक'. आणि तिची पेन्सिल थांबली.

"अज्जी, जलजनक अंद्रे नीरु हुट्टिसोदु, अल्वा?"

जलजनक म्हणजे पाण्याला जन्म देणारा, हो ना? मग या चित्रात तर पाण्यातूनच तो जन्माला येतोय. बाण उलटा झाला की काय?

मी बेळगावची. आमच्या गल्लीत दूधवाला कन्नडमध्ये हिशेब सांगायचा आणि आई मराठीत घासाघीस करायची, दोघांचंही कधी अडलं नाही. त्यामुळे ती मला 'अज्जी' म्हणते ते मला 'आजी'सारखंच ऐकू येतं. दोन्हींत एका जोडाक्षराचंच अंतर आहे. पण तिच्या प्रश्नाला लगेच उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मी कपाटातले कोश खाली काढले आणि पुढचा पंधरवडा त्यांतच गेला.

हायड्रोजन हे नाव १७८७ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्याआधी, १७६६ साली, लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने हा वायू वेगळा करून त्याचे गुण तपासले होते आणि तो त्याला जळणारी हवा म्हणत असे. ही हवा जळली की भांड्याच्या आतल्या बाजूला दव जमतं, आणि ते दव म्हणजे निव्वळ पाणी, हे पुढे कळलं. आंत्वान लाव्हॉझिए आणि त्याचे सोबती तेव्हा रसायनशास्त्राची सगळी नावंच नव्याने बांधायला बसले होते. त्यांनी ग्रीकमधलं पाणी घेतलं, 'हुडोर', आणि जन्म देणं या अर्थाचा 'गेन' त्याला जोडला. पाणी जन्माला घालणारा तो हायड्रोजन.

आता ग्रीकचा 'हुडोर' आणि आपलं 'उदक' ही एकाच घरातली माणसं आहेत. भाषाशास्त्रज्ञ त्यांचं मूळ एकच मानतात. इंग्रजांचं वॉटर आणि रशियनांचं 'वदा' हेही त्याच कुळातलं. संस्कृतात पाणमांजराला 'उद्र' म्हणतात, म्हणजे पाण्यातलं जनावर, आणि इंग्रजी ऑटर हा त्याचाच चुलतभाऊ. समुद्रातही हाच 'उद' आहे. बंगळुरूच्या गावनावांत बोम्मसंद्र, सिंगसंद्र असे जे 'संद्र' येतात, ते मोठ्या तळ्याला समुद्र म्हणायच्या जुन्या सवयीतून आले असं इथली जाणती माणसं सांगतात. तसं असेल तर इथल्या बसच्या पाट्यांवर रोज ते जुनं 'उद' फिरत असतं. 'गेन' आणि आपला 'जन' यांचंही तसंच: जनक, जननी, जन्म, जात, आणि तिकडे जीन, जेनेसिस. तेव्हा आपल्याकडच्या कुणा भाषांतरकाराने हायड्रोजनला 'उदजन' म्हटलं, तेव्हा त्याने नुसतं भाषांतर केलं नाही. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन जोड्या त्याने पुन्हा शेजारी आणून बसवल्या. हुडोरसमोर उद, गेनसमोर जन. इतका चपखल पारिभाषिक शब्द मला दुसरा आठवत नाही.

हिंदीनेही काही काळ 'उद्जन बम' म्हटलं. मराठीत 'उदजन' आता जुन्या शास्त्रीय लिखाणातच भेटतो. हायड्रोजन जिंकला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जो शब्द प्रयोगशाळेत आणि पेट्रोल पंपावर सारखाच चालतो तो टिकतो. तरी त्याचं एक भावंड मराठीत ठणठणीत आहे. 'कर्बोदके' हा शब्द आहारतज्ज्ञांपासून मधुमेहाच्या पत्रकापर्यंत सगळे वापरतात, आणि त्यात 'उदक' जसंच्या तसं आहे: कर्ब अधिक उदक. कार्बोहायड्रेटचं इतकं सरळ मराठी रूप रोज तोंडात असून आपल्याला त्यातलं पाणी दिसत नाही.

कन्नडने मात्र मागे हटायचं नाही ठरवलेलं दिसतं. शाळेच्या पुस्तकांत हायड्रोजनला जलजनक, ऑक्सिजनला आम्लजनक, नायट्रोजनला सारजनक. तिन्हींत 'जनक'. मुलांना या शब्दांतून लाव्हॉझिएचा विचार आपसूक मिळतो, आणि सोबत त्याची चूकही मिळते. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने त्याला आंबटाचा जनक म्हटलं. मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही, हे १८१० साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं. नाव राहिलं ते राहिलंच, आणि कन्नडमध्ये तर त्याचं अक्षर न अक्षर वाचता येतं.

आपण मराठीत या चुकीतून सुटलो, कारण आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हटलं. मूळ प्राणवायू म्हणजे योगशास्त्रातल्या आणि आयुर्वेदातल्या पाच वायूंपैकी पहिला: प्राण, अपान, व्यान, उदान, समान. शरीरात फिरणाऱ्या वायूच्या त्या जुन्या कल्पनेला विज्ञानाने एका वायूशी जोडून टाकलं आणि ते नातं इतकं पटलं की करोनाच्या दिवसांत सगळी वर्तमानपत्रं प्राणवायूच्या टाक्या मोजत होती. पण प्राणवायू या नावाची या गोष्टीत फार कठीण परीक्षा व्हायची आहे. ती पुढे सांगते. आधी शेवाळाकडे जाऊ.

शेवाळ या शब्दाला मराठीत चांगली संगत नाही. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ, त्यावरून पाय घसरतो. न वापरलेली टाकी शेवाळते. साचलेल्या विचारांनाही आपण शेवाळ धरलं म्हणतो. रोमन लोकही समुद्रकाठच्या 'आल्गा'ला कवडीमोलाची वस्तू मानत, आणि त्याच शब्दावरून जगभरच्या शास्त्रज्ञांनी पुढे आल्गी केलं. आपला शेवाळ हा शब्द संस्कृत 'शैवाल', 'शैवल', 'शेवाल' यांवरून आला, हे उघड आहे. उणादिसूत्रांची परंपरा त्याला 'शी' या धातूशी जोडते. शी म्हणजे निजणं. शय्या, शयन यांतला. पाण्यावर निजलेलं ते शेवाळ. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करील की नाही हा वेगळा प्रश्न, पण ज्याने ती लावली त्याने कधीतरी तळ्याकाठी बसून नीट पाहिलं होतं, याची मला खात्री आहे. अमरकोशात शेवाळाला आणखी एक नाव आहे, 'जलनीली'. पाण्याची निळाई. आज ज्यांना आपण नीलहरित म्हणतो त्या जिवाणूंचा रंग त्या जुन्या डोळ्यांनी टिपला होता की काय, असं वाटून जातं.

कन्नडमध्ये शेवाळाला म्हणतात 'पाची'. तमिळमध्ये 'पासी'. हे द्राविड कुळातलं हिरवं मूळ आहे: कन्नड 'पच्चे' म्हणजे हिरवा, आणि 'हसिरु' म्हणजेही हिरवा, कारण जुन्या कन्नडमधल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. दुधाचा पालु हालु झाला तसाच पसिरुचा हसिरु. आता मराठीत पाचू म्हणजे काय? हिरवं रत्न. कन्नडमध्ये 'पच्चे' म्हणजे हिरवंही आणि पाचूही. बेळगावात सराफाच्या दुकानात मी हे दोन्ही शब्द एकाच अंगठीसाठी ऐकले आहेत. मराठीतला पाचू या घरातलाच असावा, असं माझं मन सांगतं. मग तळ्यावरची पाची आणि बोटातला पाचू या बहिणी ठरतात, एकीला आपण खरवडून टाकतो आणि दुसरीला कोंदणात बसवतो.

मुलीला दाखवायला मी गच्चीवरच्या बादलीतलं पाणी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरून खिडकीत ठेवलं. पाऊस पडून गेल्यावर ती बादली नळाखाली विसरली होती आणि पाणी पोपटी झालं होतं. सकाळी साडेनऊला ऊन बरणीवर आलं. दहा-बारा मिनिटांत हिरव्या तंतूंच्या गुंत्यावर बारीक बुडबुडे दिसायला लागले, खसखशीच्या दाण्याएवढे. काही तंतूंना चिकटून फुगत होते, काही सुटून काचेला लागून वर जात होते. वर पोचल्यावर क्षणभर थांबून फुटत होते. पडदा ओढला की बुडबुडे मंदावायचे. मुलगी तीनदा पडदा ओढून उघडून झाली. तिला वाटलं हाच हायड्रोजन. तो ऑक्सिजन होता. पण हायड्रोजनची कहाणी नेमकी या बुडबुड्यांच्या भोवतीच घडते.

प्रकाशसंश्लेषण या शब्दात 'श्लिष्' आहे, म्हणजे बिलगणं. आश्लेष म्हणजे मिठी, आणि एका शब्दाला दोन अर्थ बिलगले की श्लेष अलंकार. इंग्रजीत हा शब्द १८९३ च्या सुमारास अमेरिकेत बेतला गेला. चार्ल्स बार्न्स या वनस्पतिशास्त्रज्ञाला 'फोटोसिंटॅक्स' हवं होतं, पण लोकांनी 'फोटोसिंथेसिस' पसंत केलं. शब्दाचा सगळा भर जोडणीवर: हवेतला कर्ब आणि पाणी जोडून साखर. पण जोडणीआधी एक तोडणी होते आणि ती नावात येत नाही. हरितलवकात प्रकाश पडला की पाण्याचा रेणू फुटतो. त्यातून ऑक्सिजन सुटतो, प्रोटॉन सुटतात आणि इलेक्ट्रॉन सुटतात. बरणीतले बुडबुडे म्हणजे या तोडणीची बाहेर पडलेली खूण. संस्कृतात या फुटण्याला नेमका शब्द आहे, 'विश्लेष', ताटातूट. मराठीने 'विश्लेषण' वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांना देऊन टाकलं, नाहीतर पाण्याच्या या ताटातुटीला तो फार शोभला असता.

सुटलेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या एका रांगेतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी फेरेडॉक्सिन नावाच्या लोहयुक्त प्रथिनाकडे पोचतात. एरवी तिथून ते साखर बनवायच्या कामाला लागतात. पण काही हिरव्या शैवालांकडे आणखी एक वाट आहे. त्या वाटेवर हायड्रोजनेझ नावाचं एंझाइम बसलेलं असतं. ते दोन इलेक्ट्रॉन घेतं, पाण्यातलेच दोन प्रोटॉन घेतं आणि त्यांचा हायड्रोजनचा रेणू करून सोडून देतं. कुकरमध्ये वाफ फार झाली की शिट्टी जशी ती बाहेर टाकते, तशी ही वाट. साखरेचं काम अडलं, इलेक्ट्रॉन तुंबले, की पेशी त्यांना हायड्रोजनच्या रूपाने बाहेर घालवते.

हायड्रोजनेझ हे नाव १९३१ साली केंब्रिजमध्ये मार्जरी स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलंड यांनी जिवाणूंवर काम करताना दिलं. याच मार्जरीबाई १९४५ साली कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासोबत रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन स्त्री फेलोंपैकी एक झाल्या. आणि एंझाइमला कन्नडमध्ये काय म्हणतात? 'किण्व'. हा शब्द वाचून मी खुर्चीतच ताठ झाले. किण्व हा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात येणारा शब्द. सुराध्यक्षाच्या प्रकरणात दारू आंबवायच्या विरजणाला तो किण्व म्हणतो. मराठीने आंबण्याच्या क्रियेला किण्वन म्हटलं, पण एंझाइमला एंझाइमच ठेवलं किंवा 'विकर' केलं. आता एंझाइमचं मूळ ग्रीक पाहिलं तर तेही खमीरच: 'एन झुमे', खमिरातलं. म्हणजे कन्नडने शब्दाचा नेमका अर्थ धरला आणि तोही दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच दारूच्या मडक्यातून काढून. हे श्रेय कन्नडला मनापासून द्यायला हवं.

शैवालात ही वाट पहिल्यांदा दिसली ती हान्स गाफ्रॉन यांना. ते बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांच्याकडे काम केलेले. १९३७ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढे ते शिकागो विद्यापीठात गेले. त्यांच्या प्रयोगातलं शैवाल होतं सेनेडेस्मस, चार-चार पेशी एका ओळीत खांद्याला खांदा लावून राहणारं. ऑक्सिजन काढून टाकलेल्या भांड्यात, अंधारात काही तास राहिल्यावर त्यांना प्रकाश दिला तर त्या ऑक्सिजनऐवजी हायड्रोजन सोडू लागतात, हे गाफ्रॉन आणि जॅक रुबिन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलं. पण हा हायड्रोजन थोडाच वेळ येई. प्रकाशात पाणी फुटलं की ऑक्सिजन येणारच, आणि ऑक्सिजन आला की हायड्रोजनेझ बंद पडतं, कायमचं निकामी होतं.

इथे प्राणवायूच्या नावाची परीक्षा होते. पेशीच्या आत एकाच जागी दोन गोष्टी घडायला हव्यात. हायड्रोजनला इलेक्ट्रॉन पाहिजेत, ते पाणी फोडूनच मिळणार. पाणी फोडलं की प्राणवायू निघणार. आणि ज्याला आपण प्राण म्हणतो तोच त्या बिचाऱ्या एंझाइमचा प्राण घेणार. या पेशीच्या पूर्वजांना कधीकाळी ऑक्सिजन नसलेल्या जगात राहावं लागलं असणार. हायड्रोजनेझ ही त्या काळाची ठेव आहे. 'प्राणवायू' हे नाव माणसाने आपल्या छातीवर हात ठेवून दिलं आहे, शैवालाला कुणी विचारलं नव्हतं.

तोडगा निघाला २००० साली. बर्कलीचे अनास्तासियोस मेलिस आणि कोलोरॅडोच्या अक्षय्य ऊर्जा प्रयोगशाळेतल्या मारिया गिरार्डी, मायकल सायबर्ट आदी संशोधकांनी क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या शैवालाला गंधकाचा उपास घडवला. क्लॅमिडोमोनास या नावाचे दोन तुकडे केले तर 'क्लामिस' म्हणजे खांद्यावरून घ्यायचा ग्रीक शेला, आणि 'मोनास' म्हणजे एकटा. शेला पांघरलेला एकटा जीव, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. पुढे दोन कशाभिका. कशा म्हणजे चाबूक, कशाभिका म्हणजे चाबुकली. मुलीने काढलेल्या त्या दोन शेपट्या याच.

गंधकच का? पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन प्रकाशात सतत झिजतं आणि सतत नव्याने बनवावं लागतं. त्याच्या बांधणीला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. गंधक मिळालं नाही की दुरुस्ती थांबते आणि पाणी फोडणं मंदावतं. पूर्ण थांबत नाही, मंदावतं, ही यातली खुबी. पेशीचा श्वास मात्र चालूच राहतो, आणि जितका ऑक्सिजन निघतो त्याहून जास्त ती स्वतःच पिऊन टाकते. बंद बाटलीत दिवसभरात ऑक्सिजन संपतो. मग नवं हायड्रोजनेझ कामाला लागतं आणि उजेडात तीन-चार दिवस हायड्रोजनचे बुडबुडे येत राहतात. त्यानंतर पेशी थकते. तिला पुन्हा गंधक घालून जेवू घालावं लागतं, आणि पुन्हा उपास. उपास हा शब्द 'उपवास'चा, म्हणजे जवळ राहणं. देवाजवळ राहण्यासाठी जेवण सोडायचं. गंधकाला वासावरून गंधक म्हटलं. मराठी, कन्नड, दोन्हींत तेच नाव. या एका पदार्थाच्या उपासाने पेशीला कोंडीतून सोडवलं हे मला फार लोभस वाटतं.

व्यवहाराचं म्हणाल तर अजून दूर आहे. पडलेल्या उजेडाचा फार थोडा भाग, बहुतेक प्रयोगांत एक टक्काही नाही, हायड्रोजनमध्ये उतरतो. म्हणून कुठे ऑक्सिजन सहन करणारं हायड्रोजनेझ घडवायचा प्रयत्न चालतो, कुठे पेशीतलं हरितद्रव्य कमी करून उजेड खोलवर पोचवायचा.

आणि बंगळुरू? इथे हा विषय शेजारच्या दारांनी शिरला आहे. रिक्षावाले आणि बसवाले ज्याला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात त्या, १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांचे सहकारी शहराच्या तळ्यांचा आणि त्यांतल्या शैवालांचा अभ्यास वर्षानुवर्षं करत आले आहेत. जक्कूरच्या तळ्यात सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रातून, मग पाणवनस्पतींतून आणि शैवालांच्या डबक्यातून जाऊन मुख्य तळ्यात येतं, त्याचीही मांडणी त्यांनी तपासली. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर २०१५ आणि २०१७ मध्ये आग लागलेली पाहिलेल्या या शहरात, शेवाळ सांडपाणी खाऊन पाणी सुधारतं ही बातमी लहान नाही. २००९ साली रामचंद्र, दुर्गा माधव महापात्र, बी. कार्तिक आणि रिचर्ड गॉर्डन यांनी डायाटम नावाच्या शैवालापासून तेल मिळवण्यावर एक लेख लिहिला. त्यातले कार्तिक पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. त्या लेखाच्या नावातच कल्पना होती डायाटमचं दूध काढण्याची: पेशीला मारायचं नाही, पिळायचं नाही, जिवंत ठेवून धार काढायची.

मराठी कानाला ही कल्पना परकी नाही. 'दुह्' धातूपासून दूध, दोहन, आणि जुन्या समजुतीप्रमाणे दुहिता, घरच्या गाईंची धार काढणारी लेक. पुराणांत पृथू राजाने पृथ्वीला गाय करून तिचं दोहन केलं आणि धान्य मिळवलं. डायाटमला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात, कारण तिचं कवच कुंकवाच्या करंड्यासारखं, खाली डबी आणि वर झाकण. करंड्याचं दोहन, हे शब्द शेजारी ठेवले की ऐकायला विचित्र वाटतात, पण गंधकाच्या उपासाने हायड्रोजन काढण्यात नेमकं हेच आहे. गाय आटली की वैरण, मग पुन्हा धार.

विज्ञान संस्थेतच प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने काडीकचऱ्यासारख्या जैवभारापासून हायड्रोजन काढायची रीत विकसित केली आणि २०२२ साली तिची बरीच चर्चा झाली. किलोभर जैवभारात ६० ग्रॅम हायड्रोजन, पण हाती येतो १०० ग्रॅम. जास्तीचा येतो सोबत सोडलेल्या वाफेतून. म्हणजे तोही पाण्यातलाच. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सी. एन. आर. राव यांच्या गटाने पेशीशिवायच, नुसत्या घन पदार्थांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात पाणी फोडून हायड्रोजन मिळवण्यावर काम केलं. त्याला कृत्रिम प्रकाशसंश्लेषण म्हणतात. कृत्रिमालाही हिरव्या पानाचंच नाव घ्यावं लागलं.

आणि आता सगळीकडे छापला जाणारा शब्द: 'हरित हायड्रोजन'. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली, १९,७४४ कोटी रुपयांची. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांची क्षमता हे तिचं लक्ष्य. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रालयाने 'हरित' म्हणजे काय हे ठरवून दिलं: किलोभर हायड्रोजनमागे कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापाने दोन किलोपेक्षा जास्त उत्सर्जन नको. रंग असा किलोत मोजला जाताना मी पहिल्यांदाच पाहिला. नैसर्गिक वायूपासून काढलेला तो राखाडी, त्यातला कर्ब पकडून पुरला तर निळा. हे हिशेबाच्या वहीतले रंग आहेत, आणि हिशेब आवश्यकच आहे. पण वायू बिनरंगीच असतो.

शेवाळाच्या बाबतीत मात्र हिरवा हा हिशेब नाही. तिथे हिरवेपणच काम करतं. 'हरि' या संस्कृत शब्दात पिवळा आणि हिरवा दोन्ही मिसळलेले होते. इंद्राचे घोडे हरि, पोपट हरि, माकड हरि, बेडूकही हरि. हरित, हिरवा, हरिद्रा आणि तिच्यापासून आलेली आपली हळद, सोन्याचं हिरण्य, ही सगळी त्या एका मुळाची. ग्रीकांचा 'ख्लोरोस' त्याच मुळाचा, फिकट पोपटी, कोवळ्या पालवीसारखा. १८१७ साली पेल्तिए आणि काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी पानातल्या हिरव्या द्रव्याला नाव दिलं ते त्याच ख्लोरोसवरून, क्लोरोफिल. म्हणजे आपलं हरितद्रव्य आणि त्यांचं क्लोरोफिल, उदजनासारखंच, नुसतं भाषांतर नाही. पूर्वजांच्या घरी एकाच ताटात जेवलेले शब्द. हरित उदजन असं कुणी म्हटलं तर त्यातली तिन्ही मुळं, हरि, उद आणि जन, क्लॅमिडोमोनासच्या त्या एका पेशीत खरोखर कामाला लागलेली सापडतात.

आणि बाणाचं? उदजन या समासाचा विग्रह दोन तऱ्हांनी होतो. उदकाला जन्म देणारा तो उदजन, हा लाव्हॉझिएचा अर्थ. पण उदकातून ज्याचा जन्म तोही उदजन म्हणता येतो. संस्कृतात 'उदज' म्हणजे पाण्यात जन्मलेलं कमळ, जसं 'जलज'. कन्नडच्या जलजनकाला ही सोय नाही, जनक हा बापच असतो. मराठीतल्या जुन्या, मागे पडलेल्या उदजनात मात्र दोन्ही दिशांचे बाण मावतात. पाण्यातून जन्मतो तो, आणि जळला की पुन्हा पाण्याला जन्म देतो तोही.

हे तिला पुढच्या रविवारी सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि पेशीतून निघालेल्या बाणावर लिहिलं, 'नीरिनिंद हुट्टिद जलजनक', पाण्यातून जन्मलेला जलजनक. दुसरा बाण हायड्रोजनपासून लाटांकडे परत काढला, ठिणगीच्या खुणेतून जाणारा. नीर हा शब्दही मुळात द्राविडच, संस्कृतने तो इथूनच उचलला असं पुष्कळ भाषातज्ज्ञ मानतात, हे मी तिला सांगणार होते; पण ती रंगाला लागली होती.

तिने पेशी गडद हिरवी भरली. मी म्हटलं, उपाशी पेशीतलं हरितद्रव्य हळूहळू कमी होतं, ती फिकट होत जाते, पिवळसर. तिने कुंचला धुतला, हळदीच्या रंगाची वडी ओली केली आणि ओल्या हिरव्यावरच पिवळा ओढायला लागली.